धर्मगुरूंवाचून उभी राहिलेली ख्रिस्तसभा : कोरिया, १७८४

१/ आशियातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास म्हणजे युरोपीय जहाजांमागून आलेल्या पाद्र्यांचा इतिहास, हे विधान इतके रूढ झाले आहे की ते कुणी तपासतही नाही. कोरिया ते खोडून काढतो.

२/ १७८४. कोरियन शिष्टमंडळासोबत बीजिंगला गेलेला तरुण विद्वान यी सुंग-हून बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्याने स्वतःच आपल्या मित्रांना बाप्तिस्मा दिला. देशात तेव्हा एकही मिशनरी नव्हता.

३/ ‘पण ग्रंथ तर जेझुइटांचेच ना?’ होय. मात्तेओ रिचीप्रभृतींचे चिनी भाषेतील ग्रंथ कोरियन विद्वानांनी आपणहून वाचले, त्यांवर वाद घातले. पुस्तक बाहेरून आले म्हणून वाचकाची बुद्धी उसनी ठरत नाही.

४/ चोंग याक-चोंगने धर्मतत्त्वे सामान्यांना वाचता येतील अशा हंगुल लिपीत मांडली. १७९४च्या अखेरीस पहिले धर्मगुरू चौ वेन-मो आले, तेही चिनी. तोवर श्रद्धावंतांची संख्या सुमारे ४,००० झाली होती. कांग वान-सुक या स्त्रीने त्यांना स्वतःच्या घरात लपवले आणि स्त्रियांना धर्मशिक्षण दिले.

५/ १८०१च्या छळसत्रात या चौघांनाही मृत्युदंड झाला. या ख्रिस्तसभेत पहिला युरोपीय मिशनरी पोहोचला तो १८३६ मध्ये.

६/ या माणसांना परकीयांच्या हातचे बाहुले ठरवणारे टीकाकार आणि सारे श्रेय मिशनऱ्यांना देणारे चरित्रकार, दोघेही एकच चूक करतात : सामान्य माणूस इतिहासाचा कर्ता असू शकतो, हे ते नाकारतात.