सिंहासन उलथले, समाजाचे काय?

१९२४ च्या जानेवारी महिन्यात आशिया खंडात एकमेकांपासून हजारो मैल दूर दोन कार्यांचा प्रारंभ झाला. ६ जानेवारीला स्वातंत्र्यवीर सावरकरांची येरवड्याच्या कारागृहातून सशर्त मुक्तता झाली. रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या त्या अटी. २३ तारखेला रत्नागिरीत हिंदुसभा स्थापन झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, २७ जानेवारीला, चीनमधील कँटन नगरात डॉ. सन यत्सेन यांनी ‘जनतेची तीन तत्त्वे’ या विषयावरील आपल्या व्याख्यानमालेला आरंभ केला. दोघांपुढील प्रश्न मात्र एकच होता. शतकानुशतके विस्कळीत झालेला प्राचीन समाज राष्ट्र म्हणून उभा कसा करावयाचा?

चीनमधील लोकशाही क्रांतीचे वैचारिक अधिष्ठान म्हणजे डॉ. सन यांची ही तीन तत्त्वे : राष्ट्रवाद, लोकसत्ता आणि जनतेची उपजीविका. पेशाने वैद्य असलेल्या या नेत्याने पश्चिमेची नक्कल केली नाही. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तीन सत्तांच्या जोडीला त्यांनी परीक्षा आणि परिनिरीक्षण या खास चिनी परंपरेतील दोन सत्ता ठेवल्या. जमिनीच्या मालकीत समानता आणि भांडवलावर नियंत्रण, हा त्यांच्या तिसऱ्या तत्त्वाचा गाभा होता. चीनमधून क्रांती आयात करू पाहणाऱ्या आपल्याकडील डाव्या विचारवंतांच्या लेखनात या पहिल्या चिनी क्रांतीचा उल्लेख ओझरताच का असतो, हे यावरून ध्यानात यावे.

१० ऑक्टोबर १९११ रोजी वूचांग येथे उठाव झाला आणि १२ फेब्रुवारी १९१२ रोजी बाल सम्राट पू यी याच्या वतीने सिंहासनत्याग घोषित झाला. दोन सहस्र वर्षांची सम्राटपरंपरा अवघ्या चार महिन्यांत संपली. मांचू राजवटीच्या दास्याची खूण असलेल्या वेण्या कापल्या गेल्या, मुलींचे पाय बांधण्याच्या क्रूर रूढीवर बंदी आली. तथापि, गावातला जमीनदार तोच राहिला, कुळही तेच राहिले. १९१५ च्या अखेरीस प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई स्वतःच सम्राट होऊन बसला. काही महिन्यांतच त्याला माघार घ्यावी लागली, परंतु त्याच्या मृत्यूनंतर देश प्रांतोप्रांतीच्या लष्करशहांच्या हाती गेला.

असे का झाले? चिनी समाज हा सुट्या वाळूचा ढीग आहे, असे परकीय म्हणत. ही उपमा डॉ. सन यांना सलत असे, पण ती त्यांनी नाकारली नाही. चिनी माणसाची निष्ठा कुटुंबापाशी आणि कुळापाशी थांबते, राष्ट्रापर्यंत पोहोचत नाही, हे निदान त्यांनी त्या व्याख्यानांत केले. त्यांचा उपायही लक्षणीय होता. कुळे मोडून टाकण्याऐवजी त्यांच्याच आधाराने राष्ट्रनिष्ठा बांधावी आणि जुनी नीतिमूल्ये जागवावीत, असे ते म्हणत. १२ मार्च १९२५ रोजी त्यांचे निधन झाले आणि ही दृष्टी मागे पडली. कन्फ्यूशियसलाच हद्दपार करू पाहणाऱ्या नव्या पिढीतील चेन दूश्यू आणि ली दाझाओ यांनी १९२१ मध्येच कम्युनिस्ट पक्षाचा पाया घातला होता. १९६६ मध्ये लाल रक्षकांनी कन्फ्यूशियसच्या चूफू या जन्मगावी मंदिराची आणि समाधीची जी विटंबना केली, तो या मार्गाचा पुढचा टप्पा. एक दोष डॉ. सन यांच्याही विचारात होता. जनता लोकशाहीस पात्र होईपर्यंत पक्षाने तिचे पालकत्व करावे, असे त्यांनी सांगून ठेवले. पालकत्व एकदा हाती आले की ते कोण सोडतो? तैवानमध्ये लष्करी कायदा उठण्यास १९८७ साल उजाडले आणि राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक १९९६ मध्ये झाली. मुख्य भूमीवर तर १९८९ मध्ये तिआनानमेन चौकात लोकशाही मागणाऱ्या तरुणांवर रणगाडे गेले, आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी लिऊ श्याओबो २०१७ मध्ये बंदिवासातच मरण पावले.

चीनमध्ये राजसत्ता आधी पडली. रत्नागिरीत राजसत्तेला हात लावण्यास मज्जाव होता, म्हणून सावरकरांनी समाजालाच हात घातला. वाळूचे कण येथेही होते आणि जन्मजात जातिभेदाने ते कमालीचे सुटे झाले होते. वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, समुद्रबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी आणि बेटीबंदी या सात स्वदेशी बेड्या आपणच आपल्या पायांत घातल्या आहेत आणि त्या तोडण्यास कोणा इंग्रजाच्या अनुमतीची आवश्यकता नाही, हे त्यांचे सांगणे होते. शाळेत अस्पृश्य मुलांना वेगळे बसविण्याच्या प्रथेविरुद्ध ते गावोगाव फिरले. दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ घेऊन सर्व जातींची मंडळी घरोघर जाऊ लागली. भंडारी समाजातील दानशूर भागोजीशेठ कीर यांनी आपले धन ओतले आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. भेटीस येणाऱ्याने आधी तेथे चहा घ्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे! सनातनी मंडळींनी विरोध केला, निंदाही केली. पण देव फोडला गेला नाही, की ग्रंथ जाळला गेला नाही. ज्या देवळाच्या दारात माणूस अडविला जात होता, त्याच परंपरेतील नवे देऊळ बांधून हे परिवर्तन घडले.

मात्र येथेही कार्य पूर्ण झाले, असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. १० मे १९३७ रोजी स्थानबद्धता उठली, सावरकर देशाच्या राजकारणात गेले आणि रत्नागिरीतील चळवळीचा तो वेग राहिला नाही. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी तिच्यावर निःसंदिग्ध शब्दांत प्रहार केला आणि १९८३ मध्ये सामाजिक समरसता मंचाचे कार्य सुरू झाले. सहा बेड्या कायद्याने, शिक्षणाने, आगगाडी-उपाहारगृहांनी बऱ्याच सैल केल्या. सातवी, बेटीबंदी, मात्र घराच्या आत आहे. सावरकरांची जयंती भक्तिभावाने साजरी करणाऱ्या किती सुशिक्षित घरांत मुलामुलींच्या विवाहाचा विषय निघताच पहिला प्रश्न जातीचाच विचारला जातो, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते. सहाणेवर तिच्याशेजारी कोण उभे राहतो, खांदा कोण देतो, कोणत्या वाडीत ती जाते, हे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि त्यांवरून गावे कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेली आहेत. जेथे शाखा आहे, तेथील कार्यकर्त्यांनी होळी पेटण्याची वाट न पाहता गावकर, मानकरी आणि सर्व वाड्यांतील मंडळी यांना एकत्र बसवावे, पालखीची वाट नव्याने आखावी आणि त्या बैठकीचा चहा सर्वांनी एकाच घरी घ्यावा.