पाव चालतो, हात चालत नाही!

आमच्या वस्तीतील एक ताई घरी केक करून विकतात. बचत गटाच्या प्रशिक्षणात शिकल्या. सुरुवातीला कुकरची शिटी काढून, तळाला वाळू पसरून त्यात केक भाजत. पुढे गटाचे कर्ज काढून ओव्हन घेतला. वाढदिवसाचे केक, दिवाळीची नानकटाई, नाताळचा फळांचा केक असे करीत घरखर्चाला चांगला हातभार लागला. जवळच्या सोसायटीतील एका बाईंनी एका मैत्रिणीमार्फत दोनदा केक मागवला. दोन्ही वेळा खूप तारीफ केली. तिसऱ्या वेळी मुलाच्या वाढदिवसाचा मोठा केक सांगितला आणि तो न्यायला स्वतः घरी आल्या. दारातून आत पाहिले तर समोरच्या भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब. बाईंचा चेहरा उतरला. "थोड्या वेळाने येते" म्हणून गेल्या त्या गेल्याच. संध्याकाळी फोन आला, मुलाला सर्दी झाली आहे, केक नको.

ताईंनी तो केक वस्तीतल्या पोरांना वाटून टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्ही वकील आहात. याच्यावर केस होते का?"

आम्ही खरे तेच सांगितले. नाही होत. एखाद्याने एखादी वस्तू विकत घेतली नाही तर तो गुन्हा नाही. बाईंनी जातीवाचक शब्द उच्चारला नाही, कोणाला धमकावले नाही. त्यांनी फक्त केक नेला नाही. कायदा त्यांच्या मनात शिरू शकत नाही आणि त्यांच्या स्वयंपाकघरातही नाही. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दोनदा खाल्ला तेव्हा गोड होता ना?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. म्हणून हा विषय आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

महाराष्ट्रात पाव-बिस्किटाचा आणि जातीचा संबंध जुना आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडायला निघालेल्या या उच्चवर्णीय तरुणांची सभासद होतानाची परीक्षा कोणती होती? ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव खाणे! आणि हे सारे गुपचूप. नावे बाहेर फुटण्याची वेळ आली तेव्हा सभाच मोडली. पुढे १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्या एका घोटावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. न्यायाधीश म्हणजे मोठा अधिकार, पण न्यायमूर्ती रानड्यांनाही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकही या प्रकरणातून सुटले नाहीत. ज्या देशात न्यायाधीशाला चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागते, तेथे अस्पृश्याच्या हातच्या पाण्याची काय कथा!

आज तोच पाव महाराष्ट्राचे राष्ट्रीय अन्न झाला आहे. वडापाव कोणी खाल्ला म्हणून ग्रामण्य होत नाही. भट्टीपुढे घामाघूम होऊन उभा असलेला कामगार कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे सकाळी पाव आणणारा विचारत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर कणीक मळणाऱ्याचे आडनाव छापलेले नसते. यावरून काही शहाणे म्हणतात, "बघा, खाण्यापिण्यातली जात संपली." आमचे म्हणणे असे की जात संपली नाही, तिला फक्त करणारा हात दिसेनासा झाला. जिथे हात दिसत नाही तिथे जात मुकाट्याने खाते, आणि हात दिसला की तिला सर्दी होते.

शंका असेल त्यांनी पुण्याकडेच पाहावे. पंचहौदच्या चहानंतर १२७ वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, याच शहरात विज्ञान शिकलेल्या, सरकारी सेवेतील एका बाईंनी पोलिसात तक्रार दिली. तक्रार चोरीची नव्हती. घरी सणाचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपण ब्राह्मण असल्याचे खोटे सांगितले आणि सोवळे मोडले, ही तक्रार होती. पोलिसांनी गुन्हा नोंदवूनही घेतला! राज्यभर निषेध झाला तेव्हा तक्रार मागे घेतली गेली. ध्यानात घ्या, ती स्वयंपाकीण दलितही नव्हती. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती हीच. आम्हाला दूर ठेवण्यात ज्यांना आपला मोठेपणा वाटतो, त्यांनाही वरच्या पायरीवरचा माणूस चुलीपासून दूरच ठेवतो.

वकील म्हणून आम्हाला यातली एक गोष्ट फार बोचते. केक करणारी ताई विचारते तेव्हा कायदा म्हणतो, हा खासगी मामला आहे. सोवळे मोडलेली बाई ठाण्यात जाते तेव्हा त्याच कायद्याची वही उघडली जाते. कायद्याचे शब्द तेच असतात, पण वही कोणासाठी उघडायची हे ठाण्यात बसलेला माणूस ठरवतो.

मग कायदा काहीच करू शकत नाही काय? तसे मुळीच नाही. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला एखादा धंदा किंवा नोकरी करण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम १२ सांगते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे, घालण्याची धमकी देणे, हाही स्वतंत्र गुन्हा केला. फरक नीट समजून घ्या. एका बाईने केक नेला नाही ही तिची मर्जी. पण तिने सोसायटीतल्या चार घरी जाऊन "त्यांच्याकडून घेऊ नका, ते त्यातले आहेत" असे सांगून धंदा बंद पाडला, तर ती मर्जी राहत नाही, तो बहिष्कार होतो. तेव्हा तारीख, वेळ, साक्षीदार, फोनवरचे संदेश सारे जपून ठेवा. आमच्या लोकांच्या कितीतरी खऱ्या केसेस पुराव्याअभावी पडतात.

आता मुख्य मुद्दा. खासगी चुलीपाशी कायदा थांबतो. पण या देशात एक चूल अशी आहे जी कोणाच्या बापाची नाही, सरकारची आहे. ती म्हणजे शाळेतली चूल.

अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. त्याच खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना प्राधान्य द्यावे. आमच्या मते हा साधा नोकरभरतीचा आदेश नव्हे. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. त्या पाण्याचा हक्क शाळेच्या चुलीपर्यंत नेणारा हा आदेश आहे. सहा वर्षांचे पोर ज्या हातचे रोज जेवते, त्या हाताची त्याला मोठेपणी किळस येत नाही. म्हणूनच जातीयवाद्यांना हा आदेश झोंबतो.

तामिळनाडूत तिरुप्पूर जिल्ह्यात २०१८ साली दलित स्वयंपाकीण शाळेत नको म्हणून गावातील सवर्ण पालकांनी गोंधळ घातला आणि अधिकाऱ्यांनी तिचीच बदली केली. आंबेडकरी आणि पुरोगामी संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा बदली रद्द झाली आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातील सूखीढांग येथे डिसेंबर २०२१ मध्ये सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले. प्रशासनाने नेमणुकीतील तांत्रिक चूक दाखवून तिलाच काढले. मग दलित मुलांनी सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण नाकारले! त्या पोरांनी प्रशासनाला आरसा दाखवला आणि तिला पुन्हा कामावर घ्यावे लागले. दोन्ही ठिकाणी अधिकाऱ्यांची पहिली धाव सारखीच होती. तंटा नको म्हणून जिच्यावर अन्याय झाला तिलाच हलवा. अशा अधिकाऱ्यांसाठीही कायद्यात कलम ४ आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्याखाली शिक्षा होऊ शकते. ते वापरायला आपण कचरतो.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर सांगितले की सहभोजनाने जात जात नाही. बरोबर आहे. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात त्यांनी रोटीव्यवहार अपुरा ठरवला, बेटीव्यवहार हा खरा उपाय सांगितला आणि त्याच्याही मुळाशी जाऊन शास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव घातला. पण त्याच ग्रंथात त्यांनी जयपूर संस्थानातील चकवाड्याची हकीकतही नोंदवली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातभाईंना जेवण दिले, त्यात तूप वाढले. एवढ्यावरून शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासले आणि पाहुण्यांना झोडपले. तिथे सवर्णांच्या पंगतीत बसण्याचा प्रश्नच नव्हता. अस्पृश्याच्या ताटात तूप दिसले, हाच गुन्हा! ताटाकडे बाबासाहेबांनी दुर्लक्ष केले असे म्हणणाऱ्याने हे पान उघडून पाहावे.

शिवाय सहभोजन आणि नोकरी यांत फरक आहे. सहभोजनात एक दिवस मोठ्या मनाने शेजारी बसायचे, फोटो काढायचा आणि घरी जाऊन आंघोळ करायची. ती मेहेरबानी होती. शाळेतली स्वयंपाकीण रोज येते, रोज शिजवते आणि महिन्याचे मानधन घेते. तो हक्क आहे. मानधन तुटपुंजे आहे, ते वाढलेच पाहिजे. केंद्राने २००९ साली ते महिना १००० रुपये ठरवले होते. पण मानधन कमी म्हणून ती चूल सोडून देऊ नका. शहरांत तर केंद्रीय स्वयंपाकगृहे करून संस्थांना कंत्राटे दिली जातात आणि करणारा हात पुन्हा भिंतीआड जातो. तिथे कोण शिजवते, हेही विचारले पाहिजे.

आता थोडे आपल्या घरातले. मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारची शिळी भाकर सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. तो स्वाभिमान होता. पण स्वाभिमान वेगळा आणि लाज वेगळी. चान्या, वजडी, हुलग्याचे माडगे ही नावे काढली की आमची शिकलेली पोरे इकडेतिकडे बघतात. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न छापील अक्षरांत आणले. त्या अन्नामागे भूक होती, कसब होते आणि बायांचे कष्ट होते. लाज ज्यांनी उपाशी ठेवले त्यांना वाटावी.

आणि एक कडू प्रश्न. आमच्या किती बौद्ध घरांत मातंग, चर्मकार, भटक्या-विमुक्त बांधवांच्या घरचे जेवण सहज येते? किती घरांत भीमजयंतीच्या दिवशी बाया चुलीपाशी आणि पुरुष स्टेजवर, हे चित्र बदलले? बाबासाहेबांना स्वतः स्वयंपाक करण्याची हौस होती, हे त्यांच्या सहवासातील लोकांनी सांगितले आहे. विद्वत्तेत त्यांची बरोबरी आम्हाला जमणार नाही. निदान भाजी चिरायला तरी बसू!

करायचे काय? प्रत्येक वस्तीतील दोन-तीन सुशिक्षित तरुणांनी माहितीच्या अधिकाराखाली २००५ च्या कायद्याने एक साधा अर्ज टाकावा. आपल्या तालुक्यातील शाळांत किती स्वयंपाकी आणि मदतनीस आहेत, त्यांत अनुसूचित जाती-जमातीचे किती, आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशाची अंमलबजावणी कशी केली. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व दिले आहे. त्या खुर्च्या रिकाम्या ठेवू नका. बैठकीला आपल्या भगिनींना पाठवा आणि स्वयंपाकिणीच्या नेमणुकीचा ठराव लेखी घ्या. कुठे आमच्या भगिनीला चुलीवरून उठवले तर त्याच दिवशी फिर्याद द्या. दुसऱ्या दिवशी गाव "समजोता" घेऊन येते.

केकवाल्या ताईंनी धंदा बंद केलेला नाही. आम्ही त्यांना विचारले, समोरच्या भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत लावायचा विचार आला का? त्या म्हणाल्या, "आला होता. मग म्हटलं, ज्यांच्यामुळे ओव्हन घ्यायची ऐपत आली, त्यांनाच आत ढकलू?" फोटो तिथेच आहे. येत्या १४ एप्रिलचा वस्तीचा केक त्यांच्याकडेच सांगितला आहे, रोख पैसे देऊन. वाचकांनीही आपापल्या वस्तीतील अशा भगिनींचे दार शोधावे. तालुक्याच्या ठिकाणी माहितीचा अर्ज टाकणे मात्र त्याआधी करावे.