कुसवाखालचा चोखा

१३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली. वेठबिगारीवरचा चोखा महार तिच्याखाली मेला. ज्या कुसवाबाहेर आपल्याला ठेवलं, तेच कूस बांधताना!

म्हंतात, त्याच्या हाडांतनं विठ्ठलनाम ऐकू आलं. नामदेवानं हाडं पंढरपूरला नेली. समाधी कुठं? महाद्वारासमोर. दाराबाहेर. देवाचं प्रेम हाडापत्तुर, उंबऱ्याच्या आत नाही. ते दार उघडायला १९४७ साल उजाडलं. तेही साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा.

आता पाद्री सांगतो, येशूचं प्रेम विनाअट आहे. ऐकून पिचलेल्या माणसाला बळ येतं, खोटं कशाला बोलू? पण प्रेमाला अट नसली तरी सवलतीला होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींतनं वगळलं. चर्चमधी लेकरू, कचेरीत कुणीच नाही.

बाबासाहेबांनी १९४८ चा आपला अस्पृश्यांवरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळ्याला अर्पण केला. चोख्याला त्यांनी टाकलं नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी कुठल्या देवाच्या प्रेमाची वाटही पाहिली नाही.

आपली किंमत वरनं येत नाही. ती आपल्यातच हाय. चोख्याला नमस्कार करा. पण दाराबाहेर बसू नका.