केमोथेरपी घेणाऱ्या कर्करुग्णांच्या जोडीदारांच्या मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

निवेदनकर्ते : मराठवाड्यातील कर्करुग्णांचे पती, पत्नी व कुटुंबीय

विषय : पुढच्या टप्प्यातील कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराची नोंद, प्रशिक्षण, रजा, निवास व आर्थिक आधार यांबाबत

कर्करोग मूळ जागेवरून यकृत, फुप्फुस किंवा हाडांत पसरला की केमोथेरपीचा हेतू बदलतो. बहुतेक प्रकारांत तेव्हा रोग समूळ काढता येत नाही. गाठी आटोक्यात ठेवणे, दुखणे कमी करणे आणि उरलेला काळ शक्य तितका लांबवून सुसह्य करणे, एवढ्यासाठी ती दिली जाते. अशी केमो साधारणपणे दोन किंवा तीन आठवड्यांच्या फेऱ्यांनी चालते. सलाईन लागते एक दिवस, फार तर दोन-तीन दिवस. मधले सगळे दिवस रुग्ण घरीच असतो. त्या दिवसांत ताप पाहणे, उलटीचे औषध वेळेवर देणे, तोंड आल्यावर गिळता येईल असे काही शिजवणे, रक्ताचा रिपोर्ट आणणे, फाईल सांभाळणे आणि पुढच्या तारखेला रुग्णाला घेऊन हजर होणे ही कामे नवरा किंवा बायको करते. रुग्णालयाच्या कागदांत या माणसासाठी जागा असते ती संमतिपत्रावरच्या ‘नातेवाईकाची सही’ एवढीच. जोडीदाराचे काम हा उपचाराचाच भाग आहे आणि शासनाने तो तसा मानून नोंदवावा, ही या निवेदनामागची मूळ मागणी आहे.

सर्वांत तातडीचा प्रश्न तापाचा आहे. केमोच्या बऱ्याच औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. तेव्हा ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर पोहोचला तर तो साधा ताप समजायचा नसतो. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. गावात घडते ते वेगळेच. रात्री दोनला नवऱ्याचे अंग तापते. घरात थर्मामीटर नसतो. बायको कपाळाला हात लावून अंदाज घेते आणि पॅरासिटामॉलची गोळी देते. घाम सुटतो, अंग गार लागते, घर निश्चिंत होते. जंतुसंसर्ग आत वाढतच असतो. सकाळी ग्रामीण रुग्णालयात जाड फाईल पाहून ‘केमो जिथे चालू आहे तिथेच न्या’ असे सांगितले जाते, आणि ते ‘तिथे’ दोन जिल्हे ओलांडून असते. यात त्या बाईची चूक नाही आणि रात्रपाळीच्या डॉक्टरचीही फारशी नाही. दोघांनाही कोणी काही सांगितलेले नसते.

म्हणून पहिल्या फेरीच्या वेळीच प्रत्येक रुग्णाच्या सोबत्याला एक थर्मामीटर आणि मराठीत छापलेले ताप-कार्ड मिळावे. कार्डावर औषधांची नावे, डोसची तारीख, किती ताप म्हणजे धोका आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर असावा. हे कार्ड दाखवल्यावर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाने रक्ततपासणीसाठी नमुना घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच द्यावा आणि मग 108 रुग्णवाहिकेने पुढे पाठवावे, असे परिपत्रक निघावे.

पांढऱ्या पेशी वाढवणारे फिल्ग्रास्टिमचे इंजेक्शन हा याच दुखण्याचा दुसरा भाग. ते केमो संपल्यावर किमान चोवीस तासांनी सुरू होते आणि अनेकदा काही दिवस रोज घ्यावे लागते. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. गरम झाले तरी वाया आणि बर्फाला चिकटून गोठले तरी त्याचा भरवसा नाही. मे महिन्यात शहरातून ही इंजेक्शने थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीने आणली जातात. गावात ज्याच्याकडे फ्रिज असेल त्याच्याकडे ती ठेवायची आणि टोचायला रोज कोणाला तरी गाठायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात याच तापमानाची शीतपेटी असते, पण ती लसींची. तिच्यात इतर औषधे ठेवू नयेत हा नियम योग्यच आहे. केंद्रात एक वेगळा साधा फ्रिज द्यावा आणि परिचारिकेने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे इंजेक्शन द्यावे. एका फ्रिजच्या खर्चात तालुक्यातल्या कितीतरी घरांची वणवण थांबेल.

गोळ्यांच्या केमोमुळे जोडीदाराची जबाबदारी आणखी वाढली आहे. डोके-मान भागाच्या पसरलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांची शिरेतल्या सिस्प्लॅटिनशी तुलना करणारा टाटा स्मारक रुग्णालयातील अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक 7.5 महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचा 6.1 महिने आढळला. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने तोंडाचा कर्करोग झालेल्या महाराष्ट्रातील रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण प्रवास वाचतो. मात्र या पद्धतीत मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांशेजारी ही पट्टी ठेवली जाते, तेव्हा चूक होणे अवघड नाही. पट्टीवर वार लिहून देणे, कॅलेंडरवर खूण करून देणे आणि सोबत्याकडून एकदा परत म्हणवून घेणे एवढे औषधवाटप खिडकीवर बंधनकारक करावे.

केमोनंतर साधारण 48 तास रुग्णाच्या उलटीत व लघवीत औषधाचा अंश असतो. त्यामुळे हातमोजे वापरायचे, माखलेले कपडे वेगळे धुवायचे, गरोदर स्त्रीने हे काम करायचे नाही आणि शरीरसंबंधात निरोध वापरायचा. यातला शेवटचा भाग तर कोणी उच्चारतही नाही. पहिल्या डोसच्या दिवशी सलाईन चालू असताना सोबती तसाही तासन्तास बसून असतो. त्याच वेळेत प्रशिक्षित परिचारिकेने त्याला अर्धा तास माहिती द्यावी आणि तशी नोंद फाईलवर व्हावी.

उपचाराचा हेतू काय, हे सांगण्याबाबत आपल्याकडे फार मोठी उणीव आहे. डॉक्टर नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून ‘पसरलंय’ म्हणतात, नवरा बाहेर येऊन बायकोला ‘थोडी गाठ राहिलीय, औषधानं जाईल’ म्हणतो. बायकोने रिपोर्टवरून आणि माहेरच्यांच्या चेहऱ्यावरून कधीच ओळखलेले असते. मग दोघे एकमेकांना सांभाळत, एकमेकांशी खोटे बोलत महिने काढतात. मुलांचे शिक्षण, जमिनीचे कागद, पोस्टातले खाते यांबद्दल बोलायचेच राहून जाते. उलट बाजूलाही फसगत असते. ‘केमो चालू आहे’ याचा अर्थ कुटुंब ‘बरे होणार’ असा घेते आणि पाचवी-सहावी फेरी झेपत नसतानाही शेत गहाण टाकून पुढची मागते. उपचार थांबवणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे, ही समजूत जोडीदाराच्या मनात सर्वांत घट्ट असते. ती काढायला समुपदेशक लागतो आणि शांत खोली लागते. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत ते बोलणे होत नाही. रुग्णाची इच्छा असेल तर उपचाराचा हेतू नवरा-बायकोला एकत्र बसवून सांगावा आणि प्रत्येक स्कॅननंतर हे बोलणे पुन्हा व्हावे.

परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर) केमो संपल्यावर नव्हे, केमोबरोबरच सुरू व्हावी. पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या रुग्णांवरील अमेरिकेतील 2010 सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात अशी सेवा लवकर मिळालेल्या रुग्णांचे दिवस अधिक चांगले गेले आणि ते अधिक काळ जगलेही. महाराष्ट्राने परिहार सेवेचे धोरण 2012 साली जाहीर केले. केरळचे धोरण 2008 चे. पण तिथे कोझिकोडमध्ये 1993 पासून हे काम चालू होते आणि शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे धोरणाआधीच उभे होते, आपल्याकडे कागद आधी आला आणि जाळे अजून विणायचे आहे. वेदनेसाठी मॉर्फिन हे स्वस्त व खात्रीचे औषध आहे. अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही मान्यता घेऊन साठा ठेवावा आणि ओळखपत्र व फाईल दाखवल्यावर ते जोडीदाराच्या हाती द्यावे. दुखण्याने वाकलेल्या माणसाला एका गोळीसाठी एसटीत बसवू नये. बद्धकोष्ठावरचे औषध सोबतच द्यावे. ‘अफूची सवय लागेल’ या भीतीने गोळ्या डब्यात पडून राहतात, म्हणून ही शंका देतानाच काढावी.

पैशांचा हिशेब उपचाराच्या बिलापुरता मांडला जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे केमोचा मोठा भार हलका झाला, हे मान्य करायलाच हवे. सोबत्याचा मुक्काम, जेवण आणि बुडालेली मजुरी मात्र त्यात येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयाच्या परिसरातल्या पदपथांवर पथारी टाकून राहणारी कुटुंबे मुंबईने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा पुरेशा पडत नाहीत. केमो देणाऱ्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाजवळ जोडप्याला राहता येईल असे निवासस्थान असावे आणि तिथे स्वयंपाकाची सोय असावी. रेल्वे कर्करुग्णासोबतच्या माणसालाही भाड्यात सवलत देते. एसटीतही सोबत्याला रुग्णाइतकीच सवलत असावी.

पोषण पुनर्वसन केंद्रात कुपोषित बाळासोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी दिली जाते. तेच तत्त्व केमोच्या दिवशी सोबत येणाऱ्या शेतमजूर नवऱ्याला किंवा बायकोला लावावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करुग्ण पात्र आहेत, पण अर्जाला तहसील पातळीवरच्या समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागते. हा रोग बैठकीसाठी थांबत नाही. पुढच्या टप्प्यातील रुग्णाच्या अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय व्हावा.

नोकरदारांची अडचण निराळी. कामगार राज्य विमा योजनेत कर्करोग झालेल्या विमाधारकाला दीर्घ आजाराचा लाभ मिळतो. त्याची शुश्रूषा करणाऱ्या विमाधारक जोडीदाराला तसा लाभ नाही. राज्य शासनाच्या 2018 सालच्या बालसंगोपन रजेत, ज्याची पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे अशा पुरुष कर्मचाऱ्याचा समावेश आहे. ही रजा मुलांसाठी आहे, पत्नीसाठी नाही; मूल नसेल किंवा मोठे झाले असेल तर तीही नाही. राज्य कर्मचाऱ्यांना जोडीदाराच्या केमोसाठी स्वतंत्र शुश्रूषा रजा द्यावी, ती सलग न घेता फेरीच्या तारखांप्रमाणे सुटी-सुटी घेता यावी आणि खासगी आस्थापनांसाठी तसा नियम करण्याबाबत कामगार विभागाला शिफारस करावी.

स्त्री रुग्ण असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. दोन फेऱ्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत ती स्वयंपाकघरात उभी असते, किंवा तिला माहेरी पाठवले जाते आणि सोबतीला भाऊ नाहीतर बहीण येते. म्हणून सोबत्याची नोंद नवरा-बायकोपुरती बांधून ठेवू नये. रुग्ण ज्याचे नाव सांगेल त्याचे नाव फाईलवर यावे आणि सवलती त्या नावामागे जाव्यात.

केंद्रीय अर्थसंकल्पात 2025-26 साली सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातील केंद्रांचे आराखडे मंजूर करतानाच सोबत्याची खुर्ची, समुपदेशनाची खोली आणि रात्रीचा फोन त्यांत घालावा. इमारत झाल्यावर या गोष्टींना जागा उरत नाही. ताप-कार्ड, औषधपट्टीवर वार, फाईलवर सोबत्याचे नाव आणि निराधार अर्जाची मुदत या मागण्यांना नव्या तरतुदीची फारशी गरज नाही, त्या परिपत्रकाने लगेच लागू करता येतील. बुडीत मजुरी, निवासस्थाने व रजा यांसाठी वित्त व सामान्य प्रशासन विभागांसोबत बैठक घ्यावी, तीत निवेदनकर्त्यांचे प्रतिनिधी बोलवावेत आणि झालेला निर्णय लेखी कळवावा.

प्रत माहितीस्तव :
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर
मा. जिल्हाधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक, मराठवाड्यातील सर्व जिल्हे