तीन वह्या आणि एक शून्य

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुठल्याशा आयात मालावर ड्युटी लागल्याचा विषय निघाला. टीममधला एकजण म्हणाला, "डम्पिंग करतात ना लेकाचे, मग बसू दे की दणका!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. एरवी मी पण डोलावली असती. पण त्याच सुमारास मी रिकाम्या वेळात एक जुनी केस वाचत होतो. वह्यांची. हो, शाळेत न्यायच्या साध्या रेघी वह्यांची. ती वाचल्यापासून 'डम्पिंग सिद्ध झालं' हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

केस अशी. सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिकेतल्या मीडवेस्टव्हाको, नॉरकॉम आणि टॉप फ्लाइट या वह्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं तक्रार केली, की भारत, चीन आणि इंडोनेशिया इथून येणाऱ्या रेघी वह्या आणि सुटे आखीव कागद फारच स्वस्तात विकले जातात. सप्टेंबर 2006 मध्ये ड्युटी लागली. भारतीय मालावर कंपनीनुसार 3.91 पासून 23.17 टक्क्यांपर्यंत, चीनच्या मालावर 258.21 टक्क्यांपर्यंत. सरकारी अनुदान मिळतं म्हणून आणखी एक वेगळी ड्युटी, ती निराळीच. चौकशी झालेल्या भारतीय कंपन्यांत मुंबईची नवनीत पण होती. तेव्हा मी तिसरीत होतो आणि माझ्या दप्तरातल्या वह्यांवरून वॉशिंग्टनमध्ये वकील भांडतायत याचा मला पत्ता नव्हता :)

आता डम्पिंग म्हणजे काय? ढोबळमानानं, स्वतःच्या देशात ज्या भावाला विकता त्यापेक्षा कमी भावाला परदेशात विकणं. ऐकायला सोपं आहे. गोम मोजण्यात आहे.

समजा एक कारखाना तीन प्रकारच्या वह्या करतो. स्पायरलची, जाड पुठ्ठ्याची आणि सुट्या पानांचा गठ्ठा. भारतात तिन्हींचा भाव 100 धरू. अमेरिकेत पहिली गेली 110 ला, दुसरी 100 ला, तिसरी 90 ला. म्हणजे 300 चा माल 300 ला गेला. डम्पिंग किती? शून्य. चौथीतला पोरगा सांगेल.

आता यात 'झीरोइंग' आणा. पहिल्या वहीचा फरक उणे 10 येतो. उणे आहे ना? मग तो शून्य धरा. दुसरीचा शून्यच. तिसरीचा 10. बेरीज 10, भागिले 300, झाले 3.33 टक्के. अमेरिकन कायद्यात मूळ चौकशीत 2 टक्क्यांच्या आतलं मार्जिन सोडून देतात, त्यामुळे हा कारखाना आता दोषी! आकडे माझे, पद्धत त्यांची. माझ्या टीममध्ये कोणी उणे आकडे गुपचूप शून्य करणारा कोड चेक-इन केला असता तर रिव्ह्यूमध्येच परत गेला असता. इथे तोच कोड देशाच्या नावानं चालला.

आणि हे चूक आहे हे कुणी सिद्ध केलं? आपणच. युरोपनं भारतीय सुती चादरींवर अशीच ड्युटी लावली होती. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 2001 मध्ये तिथल्या अपील मंडळानं झीरोइंग नियमबाह्य ठरवलं. तरी अमेरिकेत ते चालूच होतं. तिथल्या वाणिज्य खात्यानं मूळ चौकशीत सरासरीला सरासरी ताडताना ते बंद करायचं ठरवलं डिसेंबर 2006 मध्ये, म्हणजे वह्यांची ऑर्डर निघून तीन महिने झाल्यावर. त्यानंतरच्या वार्षिक आढाव्यांसाठी धोरण बदललं 2012 मध्ये. काही खास परिस्थितीसाठी दार पुन्हा किलकिलं ठेवलंच. ते दार कधी उघडायचं हे ठरवायला कोहेन्स डी नावाचं, मूळ समाजशास्त्रीय अभ्यासात वापरायचं माप आणलं. आकडेवारीचं स्वरूप त्या मापाला साजेसं नसताना ते वापरता येतं का, असा प्रश्न त्यांच्याच फेडरल अपील कोर्टानं 2021 मध्ये विचारला आणि 2025 मध्ये ते फेटाळलं. मधल्या काळात ज्यांनी पैसे भरले त्यांचं काय, हे विचारू नका.

बरं, गणित सोडा. माहिती द्यायची पद्धत बघा. चौकशीत सापडलेल्या कंपनीनं विक्रीची एकेक नोंद, प्रत्येक प्रकारच्या वहीचा खर्च, भाडं, पॅकिंग, सूट, सगळं ठरलेल्या फॉरमॅटमध्ये आणि ठरलेल्या तारखेला द्यायचं. मग ते सॅस भाषेतल्या प्रोग्रामला घातलं जातं. वेळेत दिलं नाही किंवा तपासणीत जुळलं नाही, तर खातं 'उपलब्ध माहिती' वापरतं, आणि तुम्ही सहकार्य केलं नाही असं वाटलं तर त्यातली तुम्हाला सगळ्यात महाग पडेल ती निवडू शकतं. मी ईआरपीच्या डेटाची साफसफाई करून पोट भरतो. एका मध्यम कारखान्याचा वर्षाचा डेटा किती घाण असतो ते मला विचारा. लबाडी आणि गचाळ एक्सेल यातला फरक या पद्धतीला कळत नाही.

शिवाय पैसे भरायची तऱ्हा. अमेरिकेत आयात करताना भरता ती अनामत. खरा दर त्या वर्षाचा आढावा झाला तर नंतर ठरतो, आणि फरक आयातदाराच्या गळ्यात. आज विकलेल्या वहीचा खर्च दोन-तीन वर्षांनी कळणार असेल तर कुठला दुकानदार तुमच्याकडून माल घेईल? दर 4 टक्के असो की 20, ही अनिश्चितताच निम्मं काम करते.

आणि ऑर्डरमधली वगळलेल्या मालाची यादी वाचाच. पुढचं कव्हर नसलेलं पॅड वगळलं. स्टेनो पॅड वगळलं. आणि ठराविक बांधणीच्या फाइव्ह स्टार ॲडव्हान्स वह्या, ट्रेडमार्कच्या नावासकट वगळल्या. फाइव्ह स्टार ब्रँड तेव्हा कुणाचा होता? तक्रारदार मीडवेस्टव्हाकोचा. आपला माल यादीतून बाहेर, दुसऱ्याचा आत. वा!

कुणी म्हणेल, मग खरंच डम्पिंग होत नाही का? होतं. कारखाने बंद पडतात, माणसं घरी बसतात, हे खोटं नाही. सरकारनं गप्प बसावं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की शिक्षा द्यायची तर वजनकाटा बरोबर हवा. आणि शिक्षेला शेवट हवा. दर पाच वर्षांनी आढावा होतो आणि वह्यांवरची ऑर्डर अशा तीन आढाव्यांतून सहीसलामत सुटली. दरम्यान 2023 मध्ये चीन, भारत आणि व्हिएतनामच्या कागदी फाइल फोल्डरवर ड्युटी लागली. तर पुढच्याच वर्षी कंबोडिया आणि श्रीलंकेविरुद्ध तक्रार! एक भोक बुजवलं की दुसरं.

आता कॅन्टीनमधल्या मित्रासाठी. अरे, 1995 पासून अँटी-डम्पिंगच्या सर्वात जास्त चौकशा उघडणारा देश भारत आहे. 2018 मध्ये आपण इंडोनेशिया आणि सिंगापूरच्या कॉपियर कागदावर ड्युटी लावली. कागद बनवणाऱ्या गिरण्यांची बाजू मांडायला वकील होते. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याची बाजू कोण मांडणार? नोट्सच्या पानामागे चार आणे वाढले तर ते कुठल्या प्रोग्रामात धरतात? आपल्या नियमांत एक गोष्ट चांगली आहे, ती मान्य करतो. स्थानिक उद्योगाला झालेलं नुकसान भरून निघेल तेवढीच ड्युटी लावायची, जास्त नाही. अमेरिकेत ही सवलत नाही. पण आपल्याकडेही बहुतेक हिशोब 'गोपनीय' शिक्क्याखाली असतात, आणि जो हिशोब बाहेरच्या माणसाला करून बघता येत नाही त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून चादरींची केस जिंकलेल्या देशानं आधी स्वतःच्या घरात हे करावं. कंपन्यांची नावं झाका, पण हिशोबाचा सांगाडा उघडा ठेवा. ड्युटीला अंतिम तारीख घाला, आणि वाढवायची तर पुरावा पहिल्यापासून मागा. आणि तो कागद वापरणाऱ्या माणसाचा तोटा पण बेरजेत घ्या. त्याला शून्य धरणं हे पण झीरोइंगच.

असो. सोमवारी कॅन्टीनमध्ये तीन वह्यांचं गणित टिश्यूपेपरवर मांडून दाखवणार आहे. बघू किती माना डोलतात.