घड्याळ बरोबर दिसणे पुरेसे नाही

दापोली तालुक्यातल्या मुरुडला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा, वर्षाची सरासरी धरली तर, घड्याळात १२ वाजून ३७ मिनिटे झालेली असतात. तरी सगळ्या देशाबरोबर हे गावही ८२.५ अंश रेखावृत्ताची वेळ पाळते. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. त्या गोंधळात निदान आपण कोणती वेळ पाळतो हे प्रत्येकाला ठाऊक होते. आजच्या संगणकांबद्दल तेवढीही खात्री देता येत नाही.

केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सरकारी कार्यालये, कंपन्या आणि डेटा सेंटर यांना राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या (एनआयसी) वेळेशी घड्याळे जुळवायला सांगितले. सायबर गुन्ह्यात कोणती नोंद आधीची, हे वेळेवरूनच ठरत असल्याने ते योग्यच झाले. पण निर्देश वेळ कुठून घ्यायची ते सांगतात. ती घेणाऱ्या सॉफ्टवेअरने कसे वागावे याबद्दल गप्प आहेत. ते काम एनटीपी या खुल्या मानकाचे. प्रश्न निघाला कधी, सर्व्हरला पोचला कधी, उत्तर निघाले कधी, परत आले कधी, या चार नोंदींवरून घड्याळ किती चुकले ते काढले जाते. एवढे कोणताही छोटा प्रोग्रॅम करतो. मानकाची मागणी त्यापुढची आहे: अनेक सर्व्हर ताडून खोटा ओळखा, आपल्या वेळेत किती चूक संभवते तेही पुढच्याला कळवा, विचारणा आवरती घ्या. २००३ मध्ये नेटगिअरचे राउटर उत्तर न मिळाल्यास दर सेकंदाला विचारत राहिले आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर विचारणांचा पूर लोटला.

कोड जितका कमी तितका हल्ल्याला वाव कमी, असा आक्षेप पूर्ण मानक पाळण्यावर जाणकार घेतात आणि तो खरा आहे. पण मानकाने साध्या आवृत्तीलाही जागा दिली आहे. तिने फक्त स्वतःपुरती वेळ घ्यावी, इतरांना वाटू नये. अडचण होते ती अर्धवट सॉफ्टवेअर पूर्ण एनटीपी म्हणून खपवले जाते तेव्हा. दुसरा आक्षेप असा, की सेकंदाच्या अंशाने कुणाचे काय बिघडते? १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या तोंडावर, घड्याळे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळती ठेवण्यासाठी घालतात तो एक जादा सेकंद आला. काहींनी तो मानकाप्रमाणे एकदम घेतला, गूगलने कित्येक तासांत पसरवला. दोन्हीकडून वेळ घेणाऱ्या यंत्राला त्या काळात अर्ध्या सेकंदापर्यंत तफावत दिसू शकते, आणि कोण पसरवतो आहे हे सांगण्याची सोय मानकात नाही. शेअर बाजारात तेवढ्या वेळात असंख्य सौदे होतात.

जादा सेकंद २०३५ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे, म्हणून हा प्रश्न आपोआप मिटेल असे नाही. ७ फेब्रुवारी २०३६ ला, आपल्याकडे दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे कमी असताना, एनटीपीचा सेकंद मोजणारा आकडा भरून पुन्हा शून्यावर येईल. त्या वेळी नेमके काय करायचे, हे मानकात लिहिलेले आहे. आज बसवलेली कित्येक यंत्रे तेव्हाही चालू असतील. राज्य सरकारने, बँकांनी आणि महावितरणने निविदेतच अट घालावी: सॉफ्टवेअर मानकाचा कोणता भाग पाळते आणि कोणता नाही, हे पुरवठादाराने लेखी द्यावे, आणि २०३६ ची चाचणी करून दाखवल्याशिवाय बिल निघू नये.