खालावलेला आवाज

आमचे एक वृद्ध सहकारी, ज्यांचा आवाज एके काळीं तीन वर्गांपलीकडे ऐकूं जाई, त्यांस भेटावयास आम्ही गतवर्षीं गेलों होतों. त्यांस कंपवात जडला आहे. हाताचा कंप औषधानें बराच आटोक्यांत आला होता. परंतु बोलणें इतकें क्षीण झालें होतें कीं, आम्हांस खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ओढून घ्यावी लागली. त्यांचा नातू म्हणाला, “आजोबा, जरा मोठ्यानें बोला ना!” आजोबा चिडले. “मोठ्यानेंच बोलतों आहें. तुमचेच कान गेले आहेत!” नातवास वाटलें, आजोबा हट्टी आहेत, आजोबांस वाटलें, घरांत आपलें कोणी ऐकत नाहीं. आमच्या मतें दोघेहि निर्दोष होते. अशीं भांडणें आज पुष्कळ घरांत चालतात, आणि मेंदूच्या शास्त्रास तीं मिटवितां येण्याजोगीं आहेत.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन ह्यांनीं ह्या रोगाचें वर्णन इ. स. १८१७ मध्यें केलें. मेंदूच्या खोल भागांत डोपामीन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी मरत जातात, हें पुढें विसाव्या शतकांत उमगलें. त्या द्रव्यावांचून हालचालींचें माप चुकतें. पाऊल आंखूड पडतें, अक्षर बारीक होत जातें, आवाज लहान होतो. परंतु खरी मेख पुढेंच आहे. आपला आवाज केवढा, हें मापहि रोग्याच्या मेंदूस चुकीचें कळतें. तो जवळजवळ कुजबुजत असतो, आणि त्यास वाटतें कीं आपण नेहमींसारखेंच बोलत आहों. साध्या आवाजांत बोलावयास लावलें, तर आपण ओरडत आहों असें वाटून तो ओशाळतो. म्हणूनच “मोठ्यानें बोला” ह्या आज्ञेचा परिणाम दोन वाक्यांपलीकडे टिकत नाहीं.

अमेरिकेंत लॉरेन रेमिग ह्या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ च्या सुमारास ह्यावर एक वाचोपचार बसविला. ली सिल्व्हरमन ह्या कंपवाती स्त्रीचें नांव त्यास दिलेलें आहे. श्वास, उच्चार, गति असें सर्व एकदम न शिकवितां त्यांत ध्येय एकच, मोठा आवाज. आठवड्यास ४ दिवस, रोज १ तास, असे ४ आठवडे. शिवाय घरचा सराव निराळा. दीर्घ ‘आ’ काढावयाचा, रोजचीं वाक्यें म्हणावयाचीं (मराठी घरांत “चहा झाला का?” हें चालेल), आणि आपणांस जी ओरड वाटते ती इतरांस साधें बोलणें वाटतें, हें पुनःपुन्हां ताडून पाहावयाचें. गळा हें निमित्त. धडा आहे तो मेंदूस. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, उपचारानंतर मेंदूंतील अतिश्रम करणारे चालक भाग निवळलेले आढळले. तेथें रोगी मोजकेच होते, तेव्हां त्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. परंतु २०२४ सालीं ब्रिटनमध्यें ३८८ रोग्यांवर केलेल्या परीक्षणाचा निकाल प्रसिद्ध झाला, तो विचार करावयास लावणारा आहे. ह्या उपचारानें आवाजाचा त्रास कमी झाला. कित्येकांचा घसा बसला, हेंहि त्यांत नमूद आहे. सरकारी रुग्णसेवेंतील नेहमींच्या वाचोपचारानें मात्र, उपचार न घेणाऱ्यांपेक्षां अधिक लाभ झाल्याचें दिसलें नाहीं.

हें वाचून आम्ही शिक्षक थोडे चपापलों. अधूनमधून एखादा तास देऊन विषय शिकविल्याचें समाधान मानण्याची खोड आमच्याहि अंगीं आहे! रोग्यास तुरळक उपचार देऊन त्याची बोळवण करणें ही दया नव्हे. मुंबईस वांद्रें येथें वाचा व श्रवण ह्यांसाठीं राष्ट्रीय संस्था आहे खरी. पण आठवड्यांतून चार वेळां तेथें जाणें खेड्यांतल्या म्हाताऱ्यास कसें जमावें? हा उपचार दूरचित्रसंवादानें देतां येतो, हें ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांनीं दाखविलें आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयांनीं तशी सोय करावी, आणि पालकांनीं ती मागावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. आधीं घशाच्या डॉक्टरांकडून तपासणी मात्र अवश्य करावी; कारण प्रत्येक खालावलेला आवाज कंपवाताचाच असतो असें नाहीं.

आमच्या सहकाऱ्यांनीं आतां असे उपचार घेतले आहेत. नातू “मोठ्यानें बोला” असें म्हणत नाहीं. तो संध्याकाळीं खोलीच्या पलीकडच्या टोकास जाऊन बसतो, आणि आजोबांकडून वर्तमानपत्रांतील क्रिकेटची हकीकत वाचून घेतो. ऐकूं आलें नाहीं तर तो धांवा विचारतो, आणि आजोबा त्या पुन्हां सांगतात.